मशीन गचके खातंय? आधी टाकीचं झाकण बघ

होडीच्या मागचं पेट्रोल मशीन पाच मिनिटं नीट चालतं आणि मग गचके खात बंद पडतं म्हणतोस, तर कार्ब्युरेटर खोलायची घाई करू नकोस. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघ. उजनी धरणात, करमाळ्याच्या बाजूला, मी एकदा भर पाण्यात अर्धा तास दोरी ओढत बसलो होतो. स्क्रू बंद! टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल येणार कुठून?

स्क्रू उघडा असेल तर टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपावरचा रबरी फुगा दाब. त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. थोडा दाबला की तो कडक झाला पाहिजे. दाबून सोडल्यावर चपटाच राहिला तर टाकीकडून अडलंय. मऊच राहिला तर कुठेतरी हवा ओढतोय, बहुतेक पाइप जोडायच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कडीतून. दहा-वीस रुपयांचं काम. पाइप ठीक आहे, पण सतत फुगा दाबत राहिलं तरच मशीन चालतं, मग इंजिनात पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा गेलाय असं धर.

आणि हे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते पाणी ओढतं. टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बरणीत काढून ठेव. खाली वेगळा थर बसला तर सगळं उपसून टाक. बिडी लांब ठेवून, अर्थात.

एवढं करून भागलं नाही तरच कार्ब्युरेटर खोलून त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक असलेला तुकडा, काढ. पण तार घालू नकोस, भोक मोठं होतं. कार्ब्युरेटर क्लीनर मार आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घे.