पिनकोडपासून सुरुवात करा

संख्येचे मूळ अवयव पाडताना, म्हणजे ती मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडताना, अडखळल्याचे आपण विचारलेत; आपण थेट बारा अंकी संख्येला हात घातलात, म्हणून अडखळलात. आधी कळव्याच्या पिनकोडचे, ४००६०५ चे, मूळ अवयव पाडून पाहा. शेवटी ५ आहे आणि अंकांची बेरीज १५ आहे, त्यामुळे ५ आणि ३ ने भागून २६७०७ उरतात. भाजक संख्येच्या वर्गमूळापर्यंतच तपासावे लागतात; येथे बहुतेक नवखे सुरुवातीच्या संख्येचे वर्गमूळ धरून ६३२ पर्यंत चाचपडत राहतात. वास्तविक प्रत्येक भागाकारानंतर मर्यादा खाली येते आणि आता ती १६३ आहे. ७, ११, १३ दाद देत नाहीत, १७ ने मात्र निःशेष भाग जाऊन १५७१ मिळतात, आणि ही संख्या मूळ आहे.

- भाग गेलेल्या संख्येने पुन्हा भागून पाहावे.
- १ ला मूळ संख्या मानू नये.

४००६०५ चे एकूण विभाजक, म्हणजे तिला निःशेष भागणाऱ्या सर्व संख्या, १६ येतात. मी प्रथम १५ च मोजले होते, कारण खुद्द ४००६०५ लाच विसरलो होतो.