होडी किनाऱ्यावर असते तेव्हा

पोरी, तुझा बाप्तिस्मा नुकताच झालाय, म्हणून सांगते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या दिवसांत मालवणात आमच्या घरी पैसा पुरत नाही. सुरुवातीला वाटायचं, देवाकडे काही मागणं म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध जाणं. तसं नाही गं. क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी हा दुःखाचा प्याला दूर कर असंच विनवलं, मग पित्याची इच्छा स्वीकारली (बायबल, लूक 22:42). तेव्हा आधी मन मोकळं कर, रडू आलं तर रड. जाळी दुरुस्त करायची, उधारी फेडायची ती मात्र आपणच. चूल पेटवताना मी म्हणते, ‘बापा, आजचा दिवस तुझा.’ कधी मनापासून निघतं, कधी नुसतं ओठांवर राहतं. तरी म्हणते. उद्यापासून तूही म्हणून बघ, रविवारी चर्चनंतर बोलू.