नाटकाच्या वर्गात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, जोर लावला की घसा बसतो. काय करावं?

जोर घशातून लावताय, म्हणून बसतो. ताकद श्वासाची हवी. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो उथळ आहे. बरगड्यांच्या खालचा भाग बाजूंना फुगला पाहिजे. मग 'स्स्स' करत एकसारखा सोडा. सुरुवातीला 15 सेकंद जमले तरी पुरे, हळूहळू 25-30 वर न्या.

मुंबईच्या वन रूम किचनमध्ये मोठ्याने रियाज म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण. त्यावर सोपा उपाय: अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोनेक सेंटीमीटर बुडवा आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, रोज पाच मिनिटं. आवाज तापतो, घशावर ताण येत नाही.

खरी गळती मात्र वाक्याच्या शेवटी असते. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात, आणि नेमका तिथेच श्वास संपतो. 'मी त्याला घरात घेतलं नाही' यातलं 'नाही' गिळलं की शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीत उलटाच अर्थ पोचतो. म्हणून शेवटच्या दोन शब्दांपुरता श्वास राखून ठेवा.

उभं राहताना वजन दोन्ही पायांवर, गुडघे किंचित सैल. एंट्रीला चालता चालता वाक्य सुरू करू नका. थांबा, समोरच्या नटाकडे बघा, मग बोला. निम्मा प्रेझेन्स त्यातच येतो.

घसा बसलाच तर कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो. गप्प राहा, पाणी प्या. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.