कार्बन डायऑक्साइड सरळ, मग सल्फर डायऑक्साइड वाकडा का?

प्रश्न असा आहे: "अकरावीत आहे. लुईस रचना काढता येते, पण त्यावरून रेणूचा आकार कसा ओळखायचा ते कळत नाही. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत आणि सल्फर डायऑक्साइड वाकडा, असं का? दोघांचं सूत्र तर सारखंच दिसतं."

अकरावीत आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणतो. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि दर वर्षी वर्गात कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं.

आधी एक गैरसमज काढून टाक. लुईस रचना म्हणजे रेणूचा फोटो नव्हे, ती जमाखर्चाची वही आहे. कुणी किती इलेक्ट्रॉन आणले, किती भागीदारीत घातले आणि किती स्वतःकडे ठेवले, एवढंच तिच्यात असतं. गिल्बर्ट लुईसने 1916 मध्ये इलेक्ट्रॉनच्या जोडीची ही भागीदारी मांडली, पण कागदावर काढलेले कोन हे खरे कोन नसतात.

मी स्वतः अकरावीत यात आपटलोय. डायक्लोरोमिथेनची दोन चित्रं काढली, एकात दोन्ही क्लोरीन समोरासमोर, दुसऱ्यात शेजारी-शेजारी, आणि ही दोन वेगळी संयुगं आहेत असं ठणकावून लिहून आलो. गुण अर्थातच गेले. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या) चार कोपऱ्यांकडे जातात असं धरलं की कोडं सुटतं, कारण चतुष्फलकात कुठलेही दोन कोपरे एकमेकांचे शेजारीच असतात. समोरासमोर बसायला जागाच नाही. व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्ये, इलेक्ट्रॉन कुणाला माहीतही नव्हता तेव्हा, कार्बनचा हा आकार तर्काने ताडला होता.

मग वहीवरून आकार कसा काढायचा? फक्त मधल्या अणूकडे बघायचं आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन किती दिशांना पसरलेत ते मोजायचं. एकेरी बंधाची एक दिशा. दुहेरी बंधाचीही एकच, कारण त्यातले चारही इलेक्ट्रॉन एकाच शेजाऱ्याकडे गेलेले असतात. आणि लोन पेअरचीही, म्हणजे बंधात न घालता अणूने स्वतःकडे ठेवलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीचीही, एक दिशा. मुलं विसरतात ती हीच, कारण सूत्रात ती दिसत नाही.

लोन पेअर मोजायची एक युक्ती मी वर्गात देतो. मधल्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, घे. जोडलेल्या प्रत्येक हायड्रोजनसाठी किंवा हॅलोजनसाठी (फ्लोरीन, क्लोरीन, आयोडीन वगैरे) 1 वजा कर, प्रत्येक ऑक्सिजनसाठी 2. आयनावर ऋण भार असेल तर तेवढे मिळव, धन असेल तर वजा कर. जे उरेल त्याला 2 ने भागलं की लोन पेअर मिळाल्या.

आता तुझी जोडी बघू. कार्बनचे 4, त्यातून दोन ऑक्सिजनचे 4 गेले, उरले 0. दिशा दोनच, म्हणून सरळ, 180 अंश. सल्फरचे 6, त्यातून 4 गेले, उरले 2, म्हणजे एक लोन पेअर. दिशा तीन, त्यातली एक अदृश्य, म्हणून रेणू वाकडा, कोन साधारण 119 अंश. सूत्र सारखं असलं तरी सल्फरच्या खिशात दोन इलेक्ट्रॉन जास्त होते, सगळा फरक त्यांचा. (सल्फरला दोन्हीकडे दुहेरी बंध काढायचे की एक एकेरी आणि एक दुहेरी, यावर वर्गात हमरीतुमरी होते. आकारापुरतं त्याने काही बिघडत नाही, दिशा तीनच राहतात.)

या दिशा एकमेकींपासून दूर का पळतात ते फुग्यांनी छान दिसतं. घरात कुणाचा वाढदिवस झाला की उरलेले फुगे घे. सारखे फुगवलेले दोन फुगे तोंडाशी बांध, अशा दोन जोड्या कर आणि मधोमध पीळ देऊन एकमेकींत अडकव. आता चारही फुगे टेबलावर दाबून अधिकच्या चिन्हासारखे सपाट कर. हात काढलास की टुणकन उसळतात. तीन टेबलावर टेकतात आणि चौथा छताकडे बघत उभा राहतो. हाच मिथेन, कोन 109.5 अंश. मग एक फुगा सोडून त्या जागी जास्त फुगवलेला बांध. बाकीचे तीन एकमेकांच्या जवळ ढकलले जातात. लोन पेअर असाच ऐसपैस बसते, कारण तिला एकच केंद्रक धरून असतं. बंधातली जोडी दोन केंद्रकांच्या ओढीत असल्याने अंग चोरून असते. अमोनियात एक लोन पेअर, कोन उतरून सुमारे 107. पाण्यात दोन, कोन 104.5.

फुग्यांचं रबर एकमेकांना ढकलतं, इलेक्ट्रॉनचं मात्र थोडं वेगळं. सारखा ऋण भार हे एक कारण आहेच, पण जास्त वजनदार कारण पाउलीचा नियम आहे. एकाच दिशेच्या फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत. सिजविक आणि पॉवेल यांनी 1940 मध्ये जोड्यांच्या संख्येशी आकार जोडून दाखवला होता आणि 1957 मध्ये गिलेस्पी आणि नायहोम या दोन रोनाल्डांनी त्याला नीट नियमांचं रूप दिलं. आपण क्लासमध्ये ज्याला 'व्हेस्पर' (VSEPR, म्हणजे बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर ढकलतात हा सिद्धांत) म्हणतो ते हेच.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नायट्रोजनचं. नायट्रोजनला दोन ऑक्सिजन जोड आणि एकेक इलेक्ट्रॉन वाढवत जा. नायट्रोनियम आयनात नायट्रोजनवर काहीच उरत नाही, कोन 180. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये उरतो एकटा इलेक्ट्रॉन, अर्धी लोन पेअर म्हण हवं तर, कोन 134. नायट्राइट आयनात पूर्ण जोडी, कोन 115 च्या आसपास. अणू तेच तीन, पण प्रत्येक इलेक्ट्रॉनसरशी रेणू मान वाकवतो.

दिशा पाच झाल्या की मुलं घाबरतात, आणि जेईईवाल्यांना नेमक्या त्याच आवडतात. पाच दिशांत सगळ्या जागा सारख्या नसतात. मधल्या पट्ट्यात तीन, आपापसात 120 अंशांवर, आणि वर-खाली एकेक. वरच्या जागेला 90 अंशांवर तीन शेजारी, पट्ट्यातल्या जागेला दोनच. ऐसपैस बसणारी लोन पेअर कमी गर्दीची जागा पकडणार, म्हणजे पट्ट्यातली. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये 7 वजा 3, उरले 4, दोन लोन पेअर. दोन्ही पट्ट्यात बसल्या, आणि तीन फ्लोरीनचा इंग्रजी टी झाला. कोन 90 नाही, 87.5, कारण लोन पेअर ढकलतातच. आकाराचं नाव मात्र अणूंवरून द्यायचं, लोन पेअर धरून नाही. निम्मे गुण इथेच जातात.

या पद्धतीवर आंधळा विश्वासही ठेवू नकोस. हायड्रोजन सल्फाइडचा हिशेब हुबेहूब पाण्यासारखा येतो, पण कोन आहे 92. 109 पेक्षा कमी हे ती सांगते, इतका कमी का ते नाही. संक्रमण धातूंच्या संयुगांत तर ती बऱ्याचदा तोंडघशी पाडते, तिथे दुसरी हत्यारं लागतात.

आता एक तू करून बघ. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग बघितला असशील. त्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड असतं, त्यामुळे तीन आयोडीन आणि एक ऋण भार असा ट्रायआयोडाइड आयन तयार होतो. मधल्या आयोडीनचे 7, दोन शेजाऱ्यांचे 2 गेले, भाराचा 1 आला, उरले 6. तीन लोन पेअर, दिशा पाच. तिन्ही लोन पेअर मधल्या पट्ट्यात बसतात आणि शेजाऱ्यांना उरतं फक्त वर आणि खाली. म्हणजे हाही सरळच, 180 अंश. कार्बन डायऑक्साइड सरळ झाला कारण मधल्या अणूवर एकही लोन पेअर नव्हती, आणि हा सरळ झाला कारण तीन होत्या.