गोठलेल्या जमिनीतलं पाणी शिकताना

दख्खनच्या बेसाल्टमधल्या विहिरी मोजून तू आला आहेस, म्हणून आधीच सांगतो: अलास्का-सायबेरियात पाणी कुठून वाहणार हे खडकाइतकंच तापमान ठरवतं. सलग दोन वर्षं शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिच्या भेगा बर्फाने बुजलेल्या, त्यामुळे पाणी एकतर दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थरात, नाहीतर पार खाली. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८ पासून विहीर खणली. ११६ मीटर गेला तरी गोठलेलीच जमीन! (पाणी नाही मिळालं, पण निसर्गशास्त्रज्ञ मिडेंडॉर्फला जमिनीचं तापमान मोजायला आयती जागा मिळाली.)

नवखे एक चूक हमखास करतात, मीही केली: हवा तापली, उष्णता हळूहळू खाली गेली, वितळण्याचं एवढंच गणित. वाहतं पाणी स्वतःच उष्णता वाहून नेतं, हे राहूनच जातं. मोठी तळी, नद्या यांच्याखाली न गोठलेला भाग असतो, तालिक. तो आरपार झाला की वरचं-खालचं पाणी जोडलं जातं आणि वितळणं आजूबाजूनेही सुरू होतं. अलास्का-कॅनडातल्या युकॉन नदीच्या खोऱ्यातल्या नोंदी काढल्यास तर आधी हिवाळ्यातला प्रवाह बघ. तेव्हा नदीत येतं ते मुख्यतः भूजलच, आणि तो वाढलेला दिसतो.

आणि जमिनीतली तापमापी शून्याजवळ वर्षानुवर्षं अडून बसली, तर ‘बदल नाही’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. सगळी उष्णता तिथेच खर्ची पडत असते. जमिनीचा विद्युत रोधही मोज. बर्फ कमी झाला की तो उतरतो.