साडेनऊला सोफ्यावर, साडेअकराला अंथरुणात

प्रिय 'अर्धी वही',

फोर्टातली बँकेची नोकरी, डोंबिवलीपर्यंतचा परतीचा प्रवास, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आणि साडेनऊला सोफ्यावर टेकून 'पाचच मिनिटं' म्हणून उघडलेली रील्स साडेअकराला बंद होतात, असं तुम्ही लिहिलंय. दिवाळी अंकासाठीची कथा चार पानांवर अडकलीय. वर यजमानांचं म्हणणं, "खरी आवड असती तर लिहिलंच असतंस."

त्या वाक्याचा आधी निकाल लावू. आवड असून न लिहिणारे खंडीभर सापडतील. तुम्ही आळशी नाही, दमलेल्या आहात. एक रील संपली की दुसरी आपोआप पुढे येते; थांबायचं ठरवायचं असतं तुम्ही, तेही डोकं पार शिणलेलं असताना. तिथे भांडू नका, हराल. रात्री खुशाल बघा.

मला खटकलं ते वेगळंच. गाडीत कानात पॉडकास्ट, भाजी चिरताना मालिका, कपडे वाळत घालताना पुन्हा पॉडकास्ट, "तेवढाच वेळ सत्कारणी लागतो" म्हणून. अहो, कथा सुचायचा वेळ तोच! बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्या ओव्या रचायच्या. कागदावर उतरवल्या त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने. (जात्याचे गोडवे मी गात नाहीये. दळून बघा म्हणजे कळेल.) हात गुंतलेले आणि कान मोकळे, ही अवस्था तुम्हाला रोज मिळते आणि तुम्ही ती भरून टाकता.

तुमची नायिका माहेरच्या घराची किल्ली परत द्यायला जाते आणि पुढे सुचत नाही, म्हणता. उद्या डोंबिवली ते ठाणे इयरफोन पर्समध्ये ठेवा आणि एवढाच विचार करा: दार कोण उघडतं? नाही सुचलं तर लेडीज डब्यात कान द्या. मेथी निवडता निवडता सुनेबद्दल जे बोललं जातं तसे संवाद घरी बसून सुचत नाहीत. जे हाती लागेल ते बँकेत कॉम्प्युटर सुरू करण्याआधी दोन ओळींत टिपून ठेवा. अक्षर, शुद्धलेखन बघू नका.

सलग लिहायला मात्र बैठक लागतेच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते ना? त्या सकाळचे दोन तास तुमचे. फोन स्वयंपाकघरात, तुम्ही आतल्या खोलीत. दारावरची बेल, मुलाचा नाश्ता यजमानांकडे. आवडीवर मत द्यायला सवड आहे, तर पोहे भिजवायलाही असेल. हे शुक्रवारी रात्रीच सांगून ठेवा, सकाळी सांगितलंत की वाद होतो.

अंकाचंही सांगते. मोठ्या अंकांतलं बरंचसं साहित्य मागवून घेतलेलं असतं, त्यामुळे पहिली कथा छोट्या अंकाला किंवा कथास्पर्धेला पाठवा. शब्दमर्यादा आधी बघा, फार लांब कथा परत येते. यंदा नाही जमलं तर पुढल्या वर्षी. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा चालू आहे, इतक्यात काही बंद पडत नाही.

आणि शनिवारी वही उघडलीत की आधीची चार पानं सुधारत बसू नका. थेट पाचवं पान.

तुमची,
ताई