सातवी-आठवीच्या मुलांना ऊर्जा एकीकडून दुसरीकडे कशी जाते हे रोजच्या गोष्टींतून कसं शिकवावं?

व्याख्येपासून सुरुवात नका करू, मुलं ती पाठ करतात आणि विषय तिथंच संपतो. लाइट बिल घ्या. ते घरोघरी येतं आणि त्यातलं युनिट म्हणजे नेमकं काय हे मोठ्यांनाही बऱ्याचदा सांगता येत नाही. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल (ज्यूल हे ऊर्जा मोजायचं एकक).

आता ४० किलोचा मुलगा ३ मीटर उंचीचा जिना चढला तर? गुणाकार मुलांनाच फळ्यावर करू द्या, वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे ४० × ९.८ × ३, साधारण १२०० ज्यूल. म्हणजे एका युनिटएवढी ऊर्जा उंचीत साठवायची तर तोच जिना तीन हजार वेळा चढावा लागेल! मग घरातल्या गीझरकडे बघायची नजरच बदलते.

पुढे विचारा, चढायची ताकद आली कुठून? पोळी-भाजीतून, ती गव्हातून, गव्हात उन्हातून. आणि अंग का तापलं, घाम का आला? कारण अन्नातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. इथं मुलं म्हणणारच की ऊर्जा संपली, तेव्हा अजिबात घाई करू नका, सायकल जोरात चालवून ब्रेक दाबायला सांगा आणि थांबल्यावर ब्रेकच्या रबराला हलकेच बोट लावू द्या (डिस्क ब्रेक नको, चटका बसेल), वेग कुठं गेला ते हातालाच कळतं.

गृहपाठ एकच द्या, आपल्याला नको असताना घरात काय काय गरम होतं ते शोधून आणा. चार्जर, मिक्सर, टीव्हीची मागची बाजू...